काळीज आणि काळजी

श्रीसंतचरणी मस्तक ठेवून आज वाचक माऊलींपुढे एक विषय मांडावयाचा आहे. वरवर पाहता तो परमार्थाचा वाटणार नाही, दवाखान्याचा वाटेल. परंतु ज्या घरात तेरा-चौदा ते अठरा-एकोणीस वर्षांचे मूल आहे, त्या घराला हा विषय आज ना उद्या भेटण्याचा संभव आहे, आणि अशी घरे आपल्या मंडळींत गावोगाव आहेत. त्या वयात मुलामुलींच्या छातीत कळ येते, धडधडते, श्वास पुरत नाही, आणि ‘आपले हृदय बंद पडणार’ असे भय त्यांना ग्रासते. ती गोष्ट ती कोणाला सांगत नाहीत. सांगितली, तर आपण ऐकत नाही. आमच्या हातून हेच घडले. म्हणून आधी आमची चूक सांगतो, आणि मग त्या चुकीने आम्हाला जे शिकविले ते सांगतो.

२०२४ सालची आषाढीची वारी. पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला मुक्काम पडतो, ही वाटचाल मोठी, सुमारे ३० किलोमीटरांची. आमच्या दिंडीत सोळा वर्षांचा एक पखवाजी होता. नाव सांगण्याचे कारण नाही. वारीत सगळेच माऊली. गळ्यात पखवाज अडकवून तो पोरगा अख्खा घाट वाजवीत चढला. ना दम लागला, ना थांबला. टाळकरी मागे पडले, पण ह्याचा हात थांबेना. आम्हाला कौतुक वाटले.

रात्री पंगती उठल्या, मंडळी आडवी झाली. अकराच्या सुमारास तो आमच्या राहुटीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “महाराज, छातीत दुखतंय. डाव्या बाजूला. श्वास पुरेना झालाय. मी मरतो की काय असं वाटतंय.”

आम्ही त्याचा हात हातात घेतला. थंड होता, घामेजला होता. त्या वेळी त्याला जवळ बसवून घ्यावयाचे, ते आम्ही केले नाही. दिवसभराचा शीण होता, आणि शीण हे काही कारण नव्हे. आम्ही म्हणालो, “अरे, माळकरी ना तू? माळकऱ्याने असे भ्यावे काय? घाट चढताना काही झाले नाही, आणि आता निजताना दुखते? जा, हरिपाठ म्हण आणि पड.” “बरं महाराज,” म्हणून तो गेला. आम्हाला लगेच झोप लागली.

पहाटे आमचे विणेकरी उठले तेव्हा तो पोर राहुटीबाहेर गुडघ्यांत डोके घालून बसलेला त्यांना दिसला. त्यांनी पाठीवर हात ठेवताच त्याला रडू फुटले. म्हणाला, “काका, मी रात्रभर हरिपाठ म्हटला. भीती गेलीच नाही. माझंच काहीतरी चुकत असणार. माझ्या तोंडचं नाम देवाला पोचतच नाही.”

सज्जनहो, विणेकऱ्यांनी हे शब्द आम्हाला सांगितले तेव्हा आमच्या काळजात धस्स झाले. दुखणे त्या लेकराच्या छातीत होते. आम्ही त्यावर आणखी एक दुखणे चढविले. आधी ते फक्त मरणाला भीत होते. आमच्या उपदेशाने ते देवालाही मुकले. चाळीस वर्षे कीर्तन करून जर आमच्या तोंडून असे औषध निघत असेल, तर ते तोंड आधी तपासले पाहिजे.

मग आम्ही आणि विणेकरी त्याला मध्ये घेऊन बसलो. हळूहळू सगळे बाहेर आले. सहा महिन्यांपूर्वी त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. कुठल्याशा लग्नात नाचता नाचता एक तरुण कोसळला आणि गेला. एक पाहिली, तर त्या यंत्राने तशाच आणखी दहा पुढे केल्या. त्या दिवसापासून ह्याचे बोट मनगटावर गेले ते गेले. दिवसातून तीस-चाळीस वेळा नाडी बघावयाची. डाव्या कुशीवर निजले की उशीत ठोके ऐकू येतात, म्हणून उजव्या कुशीवरच निजावयाचे. कबड्डी सोडली. घरी का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाला, “बाबा म्हणतील अभ्यास टाळतोय. पोरं म्हणतील भित्रा. आणि आपलं घर माळकऱ्याचं.” पखवाज तेवढा त्याने सोडला नव्हता, कारण वाजविताना भीतीची आठवण होत नसे.

सासवडला त्याच दिवशी एका दवाखान्यात त्याला नेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बाहेर रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही. आधी विचारले, “बाळ, घाट चढताना दुखलं का? पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले होते का?” ह्या चारही प्रश्नांना त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. मग त्यांनी रक्तदाब घेतला, नळी लावून पुढून पाठून ऐकले, हृदयाचा आलेख काढला. सगळे ठीक. शेवटी त्यांनी छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला एक बोट दाबले, तशी पोराने “आई गं! हेच, हेच दुखतं!” म्हणून हाक मारली.

बाईंनी समजाविले ते आम्हाला जसे कळले तसे सांगतो. फासळ्या छातीच्या मधल्या हाडाला मऊ कुर्चांनी जोडलेल्या असतात. ओझ्याने, खोकल्याने, ताणाने त्या सांध्यांना सूज येते आणि दुखते. ह्याच्या गळ्यात महिनोन्महिने पखवाज, आणि पाठीवर शाळेचे दप्तर. शेक, थोडी विश्रांती आणि साधी गोळी एवढ्याने ते काही आठवड्यांत उतरते. हृदयाचे दुखणे सहसा असे बोटाने दाबून सापडत नाही. बाई म्हणाल्या, ह्या वयात छातीत दुखते म्हणून जी मुले येतात, त्यांत हृदयाचे कारण शंभरात फार तर पाच-सहांचे निघते. बाकीच्यांचे दुखणे कुर्चांचे, स्नायूंचे, आम्लपित्ताचे, दम्याचे, नाही तर मनाच्या ताणाचे असते.

“आणि रात्रीचं ते?” आम्ही विचारले. “हात थंड, घाम, श्वास पुरेना?”

“ते भीतीचं,” बाई म्हणाल्या. आम्ही पोराकडे पाहिले. त्याने मान खाली घातली होती. ते बाईंच्या ध्यानात आले. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “महाराज, भीतीचं दुखणं म्हणजे खोटं दुखणं नव्हे. ह्याच्या छातीत खरंच धडधडत होतं.”

माऊलींनो, हे वाक्य आम्ही गाठीस बांधले आहे. आपली भाषा तर हे केव्हापासून जाणते. काळीज आणि काळजी हे शब्द एकमेकांना लागून बसले आहेत. ऊर दडपतो, काळजाचे पाणी होते, ठोका चुकतो, जीव टांगणीला लागतो. हे सारे बोल आपल्या आयाबायांनी छातीवर हात ठेवूनच बोलले. मन घाबरले की छाती बोलते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता शरीरात काय घडते ते पाहा. संकट दिसले की मूत्रपिंडांवर ज्या लहान ग्रंथी आहेत त्या रक्तात एक रस सोडतात. त्याला ॲड्रेनलिन म्हणतात. पळावे किंवा झुंजावे ह्यासाठी देहाची ती तयारी असते. हृदय जोराने चालते, श्वास जलद होतो, छातीचे स्नायू आवळतात, हातापायांच्या कातडीचे रक्त आत ओढले जाते म्हणून ते गार पडतात. वाघ समोर असता तर हा सगळा खटाटोप उपयोगी पडला असता. पण राहुटीत वाघ नाही, वाघ आहे विचारात. पळावयास जागा नाही. जलद श्वासाने शरीरातील कर्बवायू नको तितका बाहेर जातो. त्याने ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि श्वास भरपूर चालू असताही तो पुरत नाही असे वाटते. ते वाटले की भय वाढते, भय वाढले की ठोके वाढतात. रहाटाला जसा रहाट जोडावा तसे हे चक्र फिरते. बाईंनी पोराला सांगितले, “ही लाट बहुधा दहा-एक मिनिटांत माथ्याला जाते आणि मग उतरते. ती उतरतेच. तुला मारायला ती आलेली नसते.”

आणखी एक गमतीची गोष्ट कळली. ह्याने नाडी बघून बघून असे ठरविले होते की आपले ठोके एकसारखे पडत नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद होते. तरुण निरोगी हृदयाचे ते लक्षणच आहे. मधूनच एखादा ठोका आगाऊ पडतो आणि मागून क्षणभर थांबल्यासारखे वाटते, तेही पुष्कळ धडधाकट माणसांत घडते. म्हणजे आरोग्याची जी खूण, तीच ह्या लेकराने मरणाची खूण म्हणून रात्रंदिवस मोजली! आणि नाडी अशी आहे की भीत भीत तिच्याकडे पाहिले, तर ती पाहण्यानेच वाढते.

असो. परंतु येथेच थांबलो तर आम्ही दुसरी चूक करू. कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, पोरांचे छातीत दुखणे म्हणजे भीती. दुर्लक्ष करावे.’ असे म्हणणाराला आम्ही आमच्या घरातील गोष्ट सांगतो. ती सहसा कोठे सांगत नाही.

साल १९७४. आमची धाकटी बहीण तेव्हा तेरा वर्षांची होती. आम्ही पाठशाळेतून सुटीत घरी आलो होतो. तिला घसा दुखून ताप आला होता, तो गेला. पुढे पंधरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला, तो उतरतो तोच घोटा सुजला, मग कोपर. अंगारा लावला, नवस बोललो. सांधे उतरले, सगळ्यांना बरे वाटले. पण ती विहिरीवरून कळशी आणताना वाटेत बसू लागली. दम लागतो म्हणे. घरात सगळे म्हणाले, कामाचा कंटाळा. आम्हीही तिला ‘राणीसाहेब’ म्हणून चिडविले. ती कधी भ्याली नाही, कधी रडली नाही, बसून पुन्हा उठत असे. पाय सुजले तेव्हा जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी नळी लावली आणि वडिलांना बाजूला बोलाविले. हृदयाची झडप निकामी झाली होती. १९७५ च्या माघात ती गेली.

अंगारा लावला हा आमचा दोष नव्हे. अंगारा लावून थांबलो, हा दोष. तो रोग बहुधा ५ ते १५ ह्या वयात धरतो. घशाच्या साध्या जंतूंपासून त्याची सुरुवात होते, आणि वेळीच ओळखला तर पेनिसिलिनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे देऊन हृदयाच्या झडपा पुष्कळ अंशी वाचविता येतात. आपल्या देशातून तो अजून गेलेला नाही. म्हणून ज्या मुलाचे घसादुखीनंतर मोठे सांधे एकामागून एक सुजतात, त्याला दवाखान्यात नेण्यास एक दिवसाचाही उशीर करू नये.

आणि हेही कबूल करतो. त्या रात्री सासवडला ‘छातीत दुखतंय’ हे शब्द कानी पडले तेव्हा आमच्या पोटात पन्नास वर्षांपूर्वीचा गोळा उठला होता. तो दाबण्यासाठीच आम्ही त्या पोरावर खेकसलो. वडील माणसे पोरांच्या भयावर रागावतात, त्यात अर्धा राग स्वतःच्या भयाचा असतो.

म्हणून कोणत्या खुणा दिसल्या असता घरी बसू नये, ते स्पष्ट लिहितो. पळताना, खेळताना, चढ चढताना छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे होणे. श्रम करताना शुद्ध हरपणे. बसल्या जागी अकस्मात हृदय इतके जलद धावू लागणे की ठोके मोजता येत नाहीत, आणि ते तसेच चालू राहणे. छातीत दुखण्याबरोबर ताप, निळसर ओठ, सुजलेले पाय, अंथरुणावर उताणे पडता न येणे. घरातील कोणी तरुणपणी अकस्मात गेलेले असणे. मुलाच्या हृदयात जन्मतःच काही दोष असणे. ह्यांतील एकही असेल तर डॉक्टर गाठावा. शुद्ध हरपली असेल किंवा श्वास कोंडला असेल तर १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि ह्यांतील एकही खूण नसली, तरी मूल छातीत दुखते म्हणत असेल तर एकदा नीट तपासून घ्यावेच. एकदा. तपासणी स्वच्छ निघाल्यावर दर आठवड्यास नवा डॉक्टर आणि नवा आलेख करीत हिंडू नये. त्याने भयाला खतपाणी मिळते.

आता ह्या विषयाचा परमार्थाशी संबंध काय, ते पाहू. आपल्या गीतेचा आरंभ कोठून आहे? पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्या अध्यायात अर्जुन आपल्या देहाचे वर्णन करतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरे सुटले, रोमांच उभे राहिले, कातडीचा दाह झाला, धनुष्य हातातून सुटू लागले, उभे राहवेना, मन गरगरू लागले. त्या पोराने राहुटीच्या दारात उभे राहून जे सांगितले, त्यात आणि ह्यात किती अंतर आहे? अर्जुनाला स्वतःच्या मरणाचे भय नव्हते, स्वजनांच्या नाशाचे दुःख होते, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु मनातील कालवाकालव अंगावर कशी उतरते, ते व्यासांनी एकेक अवयव मोजून सांगितले आहे. आणि सांगणारा कोणी पळपुटा नव्हे, कसलेला वीर. त्याला लाज वाटली नाही. तो सगळे बोलला.

आणि भगवंतांनी काय केले? हे नीट ध्यानात घ्यावे. अर्जुन बोलत होता तोवर ते ऐकत राहिले. मध्ये एकदाही तोडले नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी आधी त्याची कानउघाडणी केली. शब्द कठोर होते. त्याचा परिणाम काय झाला? काही नाही. अर्जुन पुन्हा तेच बोलला, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. सज्जनहो, प्रत्यक्ष भगवंतांच्या रागावण्यानेही जो विषाद गेला नाही, तो तुमच्या आमच्या खेकसण्याने जाईल काय? मग भगवंत हसतमुखाने समजावू लागले. अठराव्या अध्यायापर्यंत समजाविले. सारथ्याची जागा सोडून गेले नाहीत. अर्जुनाने शंकांवर शंका काढल्या, तरी कंटाळले नाहीत. आणि शेवटी स्वतः होऊन विचारले, लक्ष देऊन ऐकलेस ना, मोह गेला ना? आम्ही ‘हरिपाठ म्हण आणि पड’ म्हणालो, आणि गेले की नाही हे विचारावयासही उठलो नाही. गीता आम्हाला पाठ आहे. त्या रात्री ती पाठच राहिली.

मग नामाचे काय? नाम सोडावे काय? मुळीच नाही. पण नाम म्हणजे मरण टाळण्याचा ताईत नव्हे, आणि भीती गेली नाही म्हणजे नाम खोटे, असा तो जुगारही नव्हे. त्या पोराला आम्ही विचारले, रात्री हरिपाठ कसा म्हटलास? म्हणाला, भराभर. एक अभंग म्हणावयाचा, की मनगट धरावयाचे. धडधड थांबली का बघावयाचे. नाही थांबली की आणखी भराभर. अरे, हे नाम झाले की परीक्षा झाली?

नाम सावकाश घ्यावे. श्वास सोडताना लांबवावे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. त्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणावयास लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहांवर आला, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी त्या श्वासाशी जुळल्या. ह्यावरून नामाने रोग जातो असे कोणी म्हणू नये. त्यांनीही तसे म्हटलेले नाही. पण सावकाश, लयीत उच्चारलेल्या शब्दाने श्वास स्थिर होतो, आणि स्थिर श्वास हृदयाला हाताशी धरतो, एवढे खरे. आपली मंडळी टाळावर पाऊल टाकून हेच करीत आली आहेत.

बृहदारण्यक उपनिषदात ‘हृदय’ ह्या शब्दाची तीन अक्षरे उलगडली आहेत. एकात आणणे, एकात देणे, एकात जाणे. शरीरशास्त्राच्या अंगानेही हे लागू पडते. हे मुठीएवढे इंद्रिय रक्त घेते, रक्त देते, आणि दिवसातून सुमारे एक लाख वेळा चालते. आपण झोपलो तरी चालते, नाडी बघितली नाही तरी चालते. मनगट धरून बसल्याने ते चालत नाही, आणि सोडल्याने थांबत नाही. ही गोष्ट त्या पोराला फार पटली. तो म्हणाला, “म्हणजे मी राखण नाही केली तरी चालेल?” आम्ही म्हणालो, “बाळा, राखण करणारा तू कधीच नव्हतास.”

आता घरच्या मंडळींस चार गोष्टी. मूल ‘छातीत दुखतंय’ म्हणाले, की आधी बसून घ्यावे आणि ऐकावे. ‘काही नाही तुला’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावे. त्या क्षणी त्याला काहीतरी आहेच. पाण्याचा तांब्या द्यावा, पाठीवर हात ठेवावा, आपला स्वतःचा श्वास सावकाश करावा. ते मूल आपल्यामागे येईल. रात्री मोबाइल त्याच्या उशापाशी ठेवू नये. तो हिसकावूनही घेऊ नये, घरातील सगळ्यांचेच एका ठिकाणी ठेवावे, आपला सुद्धा. रात्रीचा चहा आणि बाजारातील ती ताकद देणारी पेये, ह्यांनी धडधड वाढते. झोप पुरी होऊ द्यावी. खेळ बंद करू नये. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर भीतीपोटी सोडलेला खेळ थोडा थोडा पुन्हा सुरू करावा, कारण जे सोडले ते भयाच्या मालकीचे होते.

आणि इतके करूनही भय महिना-महिना हटत नसेल, शाळा बुडत असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. ते बोलून बोलून, हळूहळू सवय करून हे भय उतरवितात. गरज पडली तर औषधही देतात. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सेवा चालू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्री-अपरात्री, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. पाय मोडला तर आपण त्याला अभंगाने बांधीत नाही, फळी बांधतो, आणि फळी बांधताना तोंडाने विठ्ठल म्हणतो. मनाचेही तसेच करावे.

आणि लेकरांनो, तुम्हांस एकच सांगणे. भीती वाटली म्हणून तुमची भक्ती उणी झाली नाही. लपवू नका. आईला सांगा, बापाला सांगा. ते रागावले तर मास्तरांना सांगा, विणेकरी काकांना सांगा. एक माणूस ऐकेना झाला, तर दुसऱ्याकडे जा. त्या पोराने पहाटे दुसऱ्याला सांगितले, म्हणून आज हे लिहिता येते.

त्या वारीत त्याने पुढे चार दिवस पखवाज गळ्यात घेतला नाही, टाळ वाजवीत चालला. गावी परतल्यावर वडिलांनी त्याला तालुक्याला नेऊन हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. समुपदेशक बाईंकडे काही महिने गेला. नाडी पाहणे चाळीसवरून दहावर आले, दहावरून दोनावर. २०२५ च्या वारीत तो पुन्हा दिवे घाट वाजवीत चढला. रात्री सासवडला राहुटीपाशी आला आणि म्हणाला, “महाराज, आज थोडं धडधडतंय.” आम्ही सरकून जागा केली. तो बसला. आम्ही विचारले, “बोल, काय काय होतंय?” त्याने सांगितले. आम्ही ऐकले. मग दोघांनी मिळून सावकाश नाम घेतले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “उतरलं,” आणि निजावयास गेला.

धडधड त्याची अजून कधी कधी येते. ती येणारच नाही, असे वचन आम्ही कोणास देत नाही. ती आली असता लेकरू एकटे नसावे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे प्रत्येक घराने करावे, अशी सर्व माऊलींच्या चरणी प्रार्थना करून हा शब्द पुरा करतो.

रामकृष्णहरि.